सुजाचा घास

३ जुलै १९६३, अकोला

दादा आणि वहिनी दुपारच्या गाडीनं हिवरखेडला परत गेले. सुजा माझ्या खोलीत. चार वर्षांची आहे, दिसते दीड वर्षाची. मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही. हसते मात्र — कुणी दारात आलं की आधी हसते.

वहिनीच्या कडेवर तान्हं बाळ. निंदणाचे दिवस. मायच्यानं सुजाला उचलणं होत नाही आता. दादा म्हणाला, "तू शयरात राह्यतं, मास्तरीन हायेस. डाक्टरले दाखव. मंग नेतो मी." बोलताना माझ्याकडं बघत नव्हता. स्वतःच्या लेकीकडंही नाही.

संध्याकाळी दूध पाजलं. माय पाजते तसंच — मांडीवर आडवी घेऊन, बोंडल्याच्या चोचीनं. दोन घोट गेले. मग ठसका. तोंड लाल, मग जांभळं, मग डोळेच फिरवले! मी किंचाळले. घरमालकीण रुख्मिणीबाई धावत आली, सुजाला पालथी घातली, पाठीवर थापा मारल्या. आजवर माझ्या उंबऱ्याच्या आत पाय न टाकलेली बाई.

श्वास आला. रडली. मग माझ्याकडं बघून हसली.




५ जुलै

शाळेच्या वेळात सुजा रुख्मिणीबाईंच्या ओसरीत. "पाहीन मी, पन भरवनार नाही. माह्या हातून काई झालं तं?" खरं आहे. कुणाच्या हातून काही झालं तर?


११ जुलै

सकाळी अर्धी वाटी पेज. शाळा भरायची वेळ झाली तरी संपली नाही. निम्मी माझ्या लुगड्यावर. वर्गात पोरी नाकाला पदर लावून हसल्या — अंगाला आंबूस वास येत होता.

मी स्वतः काय खाल्लं, आठवत नाही.


१९ जुलै

इथल्या डॉक्टरांकडं नेलं. टेबलावर आडवी केली, पाय वाकवून पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली. म्हणाले, मेंदू अधू आहे, इलाज नाही. जेवणाचं विचारलं तर म्हणाले, "लाड आहेत. एक दिवस उपाशी ठेवा, भुकेनं गपगप खाईल."

ठेवलं उपाशी. मन घट्ट करून ठेवलं. संध्याकाळी खीर केली. वाटीचा आवाज ऐकून तिनं तोंड उघडलं — चिमणीच्या पिलासारखं, पार टाळू दिसेपर्यंत. चमचा घातला. जिभेनं सगळं बाहेर. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा बाहेर. मग ठसका. मग रडणं — भुकेचं रडणं!

हिला खायचं आहे हो. हट्ट नाही हा. खायचं आहे आणि जात नाही.

दीक्षा घेतल्यावर आमच्या घरात जन्मलेलं पहिलं लेकरू. दादानं किती हौसेनं नाव ठेवलं होतं, सुजाता. तथागतांना खीर देणारी. तिलाच खीर गिळवेना.


२६ जुलै

ताप. छातीत घरघर. पेनिसिलिनची इंजेक्शनं.


२ ऑगस्ट

ताप उतरला. हाडं मोजता येतात. आंघोळ घालताना मी डोळे मिटून घेतले.

दादाला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. निंदण संपलं असेल आता. विसरला असेल का? नाही, विसरला नाही. म्हणूनच उत्तर नाही.


७ ऑगस्ट

मी सुजाला मारलं आज.

चौथ्यांदा घास बाहेर काढला आणि माझा हात उठला. गालावर. गप झाली. रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली — काय झालं ते कळलंच नाही तिला. मग हसली. ती हसली, म्हणून मला जास्त सहन झालं नाही.

मनात आलं, ठसका लागून जाऊच दे एकदा. लिहिलं. या पानाशिवाय कुणाला सांगू?


१८ ऑगस्ट

शालिकराम आले होते. जानेवारीत आमची सोयरीक ठरली, तेव्हापासून अमरावती-अकोला गाडीवर ड्युटी असली की पाच मिनिटं दारात उभे राहून जातात. एस.टी.त कंडक्टर आहेत. खाकी कपडे, खांद्याला चामडी पिशवी. बोलतात कमी. घरी आई दुर्गाबाई, आणि हे. बस. लग्न दिवाळीनंतर.

आज मी हसून बोलू शकले नाही. सुजा खोकत होती. शालिकराम आत आले, तिच्याजवळ उकिडवे बसले. बराच वेळ बघत होते.

"अमरावतीले एक लेडी डाक्टर आल्या, सत्यवतीबाई. अशा लेकराईलेच पाहतात म्हनते. गाडीत ऐकलं मी — वरूडची एक बाई सांगून राह्यली होती."

मी म्हटलं, डॉक्टर झाले. इंजेक्शनं झाली. हिवरखेडला अंगारेसुद्धा झाले.

"पाहून तं घेऊ," म्हणाले. गाडी सोडायची घंटी देताना आवाज असतो तसा. बोलणं संपलं!


२७ ऑगस्ट, अमरावती

विसरायच्या आत लिहिते.

शालिकरामांच्याच गाडीनं आलो. सत्यवतीबाई पन्नाशीच्या, जाड काचांचा चष्मा, पायात पुरुषी वहाणा. मी सवयीनं सुजाला टेबलावर आडवी करायला गेले.

"राहू द्या मांडीवरच. आधी सांगा, ही जेवते कशी?"

जेवते कशी! आजवर कुणी विचारलंच नव्हतं. चालते का, जन्मताना रडली का, आईनं ग्रहण पाळलं होतं का — हेच सगळ्यांनी विचारलं.

मग एकेक. ठसका पाण्यानं जास्त लागतो की घट्ट घासानं? पाण्यानं. प्यायल्यावर आवाज कसा होतो? ओला, गुळणी धरून बोलल्यासारखा. घास जिभेनं ढकलते? हो. नाकातून दूध येतं? कधी कधी. जेवताना दमते? हो, निम्म्यातच घामाघूम. ताप वरचेवर? हो. हो. हो. आणि मला रडू कोसळलं. म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे!

"माहीत तुम्हालाच आहे, बाई. मी विचारतेय फक्त." आणि पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला.

मग म्हणाल्या, घरी भरवता तसं भरवा, मी इथं नाहीच असं समजा. मी आडवी घेतली, दूध घातलं. त्यांनी टोकलं नाही. सुजाच्या गळ्यावर दोन बोटं हलकेच ठेवून बसल्या — घोट घेताना कंठमणी वर उचलतो की नाही ते बघायला. मग छातीला लावतात ते यंत्र गळ्याला लावलं. घोटाचा आवाज ऐकत होत्या! तोंडात बोट घालून जीभ, टाळू, हिरड्या चाचपल्या. सुजानं त्यांचं बोट चावलं. "चावतेस होय? छान!" म्हणाल्या.

नंतर स्वतःच्या मांडीवर तिला उठवून बसवली. पाय दुमडले, पाठीला हात, मान किंचित पुढं, हनुवटी छातीकडं. घट्ट शिजवलेली पिठी चमच्याच्या टोकावर घेतली. जिभेच्या मध्यावर चमचा जरासा दाबला. थांबल्या.

मला वाटलं, आता बाहेर येईल. नाही आलं. गिळलं! मी दुसरा घास भरायला घाई केली तर माझा हात धरला. "थांबा. एकदा गिळलं ना, अजून एकदा गिळू द्या. उरलेलं असतं मागं. मग पुढचा."

पण म्हणाल्या, बाहेरून मला सगळं दिसत नाही. एक्स-रेच्या खोलीत नेलं. अंधार. खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध दुधासारखं पाजलं, आधी आडवी ठेवून. हिरवट पडद्यावर सुजाची हाडं, आणि घशातून उतरणारी काळी रेघ. रेघ मध्येच फाटली. एक फाटा मागून पोटाकडं गेला. दुसरा पुढून, सरळ छातीत.

"खोकली नाही या वेळी!" मी आनंदानं म्हटलं.

अंधारात त्यांचा आवाज आला, "तेच वाईट आहे. श्वासनळीत गेलेलं तिला कळतसुद्धा नाही दर वेळी."

म्हणजे ज्या ज्या जेवणाला खोकली नाही, आणि मी म्हटलं आज बरं झालं — तेव्हाही जात होतं! ते ताप, ती घरघर — सगळं माझ्या हातानं, बोंडल्यानं, मायेनं.

तेच औषध मग घट्ट करून, बसवून, हनुवटी खाली धरून दिलं. रेघ एकच राहिली. थोडं मागं अडकलं, दुसऱ्या घोटात तेही गेलं.

"बरी होईल?"

"मेंदूला इजा आहे, ती जायची नाही. पण तुमची भाची उपाशी राहायला नको." मग चष्मा काढला. "पातळ काही नाही. पाणीसुद्धा घट्ट करून. आडवं ठेवून एक थेंब नाही. जो भरवेल त्यानं बसवूनच भरवायचं — जो कोणी. कुणी एकदा चुकला तरी छाती भरेल. याउपरही धोका राहील, खोटं सांगत नाही."

शालिकराम बाहेर बाकावर होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "खाल्लं तिनं?"

मी मान हलवली. 


३१ ऑगस्ट

भाताची घट्ट पिठी, गूळ, थेंबभर तूप. बसवून. वाटी संपली!


८ सप्टेंबर

रुख्मिणीबाई रोज उंबऱ्यातून बघतात. आज म्हणाल्या, "दे इकडं. दुपारची वाटी मी भरवत जाईन. येऊन राह्यलं मले आता पाहून पाहून." आणि खरंच येत होतं. मांडीवर बसवली, हनुवटीला बोट. घास दिला की स्वतःही आवंढा गिळतात, त्यांचं त्यांनाच कळत नाही.


२२ सप्टेंबर

सुजाच्या दंडाला मांस धरलंय. ताप नाही. आणि आज हे!

मागच्या खेपेला शालिकरामांना म्हटलं होतं, लग्नानंतरही सुजाला माझ्याजवळच ठेवीन. आज आले, पण बसले नाहीत. पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. म्हणाले, "माय म्हनते, ते लेकरू आमच्या घरात नको. बाकी कायची अट नाही. बस एवढंच."

मी विचारलं, काहून? त्यांना काय त्रास?

"विचारलं मी. बोलत नाही ते. भिंतीकडं तोंड करून बसली दिवसभर."

आणि तुम्ही?

"मी काय सांगू? तिले माह्याशिवाय कोनी नाही."

गेले. अशी हाडाची कठोर बाई! साखरपुड्यात माझ्या गालावरून हात फिरवला होता. त्याच हातानं एका गिळता न येणाऱ्या पोरीला दार लावते.


२९ सप्टेंबर

सव्वीस वर्षांची आहे मी. दुसरं स्थळ येणार नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मला घर हवंय. मला शालिकराम हवेत.

सुजाही हवी आहे. काय करू?


६ ऑक्टोबर

दादा आला. न बोलावता. कुणीतरी हिवरखेडपर्यंत बातमी नेली.

"इंदे, तुह्यं लगन मोडून चाललं माह्या पोरीपायी. मी नेतो तिले. तुह्यं हून जाऊ दे." या वेळी माझ्याकडं बघून बोलला. डोळे भरलेले.

मी त्याच्यावर इतके दिवस राग धरून होते. 

त्याला शिकवलं. मातीत राबणारे जाड हात, पण चमचा किती हळू धरला. "आता थांबू? आता देऊ?" प्रत्येक घासाला विचारत होता. सुजानं गिळलं की माझ्याकडं बघून हसत होता, लहानपणी विटी लांब गेली की हसायचा तसा.

म्हटलं, दादा, तू कामावर असशील तेव्हाचं मायला सांगून ठेव. आडवी नाही. दूध नाही. बोंडलं फेकून दे. दहादा सांगितलं.

"सांगीन व. लेकरू हाये ते माह्यं."

संध्याकाळच्या गाडीनं गेले. गाडी वळली तोवर सुजाचं डोकं त्याच्या खांद्यावर दिसत होतं.


७ ऑक्टोबर

आज मी गरम भाकर खाल्ली. तव्यावरची. निवांत, बसून. किती महिन्यांनी! चांगली लागली. चांगली लागली म्हणून रडले.


१५ ऑक्टोबर

दिवाळीची सुटी लागली. उद्या पहाटेच्या गाडीनं हिवरखेडला जाते. नुसती बघून येते.


१६ ऑक्टोबर, हिवरखेड

दारातूनच घरघर ऐकू आली.

दादा-वहिनी कापूस वेचायला परगावी. दोन दिवसांपासून. सुजा मायच्या मांडीवर, आडवी. अंग भाजत होतं. ओठ निळसर. शेजारी बोंडलं.

मी ओरडले. कधी नव्हे ती मायवर ओरडले. माय म्हणाली, "भुकेनं रडून राह्यली होती, इंदे. बसवाले जोर नाही माह्या अंगात. लेकराले उपाशी कसं ठेवू? उलुसं दूधच तं पाजलं. तुमाले सगळ्याईले असंच वाढवलं मी!"

हो. आम्हाला सगळ्यांना असंच वाढवलं.  कुणाला दोष देऊ?

सुजाला पदरात गुंडाळली. माय मागून अकोटच्या गाडीपर्यंत चालत आली. गाडीत चढताना माझा पाय धरला. मायनं — माझा पाय!


१७ ऑक्टोबर, अकोला

दवाखाना. न्युमोनिया दोन्ही बाजूंनी. ऑक्सिजन. आज दिवाळी आहे म्हणे.


१९ ऑक्टोबर

तसंच. नाकातून नळी घालून दूध देतात. नर्सबाई म्हणाली, आशा ठेवू नका फार. मी कुठं ठेवली होती?


२० ऑक्टोबर

ती हसत नाही आता. कुणी आलं तरी.


२१ ऑक्टोबर

शालिकरामांना पत्र टाकलं. सरळ लिहिलं — सुजा जगली तर माझ्याजवळ राहील. माझ्याच. तुमच्या आईचा शब्द मोडू नका. तुमचा मला राग नाही. दुसरीकडं पाहा.

पेटीत टाकताना हात थांबला. मग टाकलं.


२५ ऑक्टोबर

दादा येऊन खाटेच्या पायथ्याशी बसला. जात नाही. मीच शेवटी म्हटलं, तुझी चूक नाही, मायचीही नाही. तो म्हणाला, "मंग कोनाची?" 


२८ ऑक्टोबर

ताप उतरला. नळी काढली. घट्ट पिठीचा अर्धा चमचा. बसवून, हनुवटी खाली. किती वेळ तोंडात धरून होती! मी माझा श्वास धरून. गेला. गेला घास!


४ नोव्हेंबर

सुजा घरी. अंगात काही उरलेलं नाही, पुन्हा जुलैपासून सगळं. शाळेत रजा संपली. हेडबाई म्हणाल्या, "असं किती दिवस?" मी हिशेब केला नाही.

शालिकरामांची गाडी रोज येते. स्टँड इथून लांब नाही, भोंगा ऐकू येतो. ते येत नाहीत. बरोबर आहे. मीच लिहिलं तसं. मग कान कशाला देते भोंग्याकडं?


६ नोव्हेंबर

पहिल्यांदा वाटलं, हे माझ्याच्यानं होणार नाही. पहिल्यांदा कुठं, रोजच वाटतं. आज मोठ्यानं म्हटलं. रुख्मिणीबाईंनी ऐकलं आणि माझ्या हातातली वाटी घेतली.


९ नोव्हेंबर

दुपारी दारात दुर्गाबाई. एकट्या. मुलानं गाडीत बसवून दिलं होतं. मला वाटलं, साखरपुड्याचं लुगडं परत न्यायला आल्या. घडी घालून ठेवलंच होतं, पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही. सरळ सुजाच्या बाजेपाशी गेल्या, मानेखाली हात घालून तिला उचलली — कुणी न शिकवता, बरोबर जिथं घालायला हवा तिथंच.

"माह्यी लेक येसू अशीच होती. शालिकच्या आंधीची. त्याले बी सांगतलं नाही कधी. मीच पाजून राह्यली होती तिले. मांडीवर. मले वाटलं, झोपली." सुजाची मान सावरत म्हणाल्या, "इचा राग नाही वो पोरी. मले पुन्हा पाहवलं नसतं."

मग पदर खोचून खाली बसल्या.

"इच्या जेवनाची येळ झाली असन. दाखव मले, कसं भरवतं ते."